आलेखाचं सॉफ्टवेअर बसवताना अडलं तर

पावसाच्या किंवा विहिरीच्या पाण्याच्या नोंदींवरून आलेख काढायला ग्नूप्लॉट हे उत्तम, फुकट सॉफ्टवेअर आहे. १९८६पासून ते वापरात आहे. उबुंटूवर ते पॅकेज मॅनेजरमधून घ्यावं. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नूप्लॉट' एवढीच आज्ञा पुरते. लागणाऱ्या बाकीच्या फायली पॅकेज मॅनेजर स्वतः शोधून आणतो. मांडवगण फराट्यासारख्या भीमेच्या पट्ट्यातल्या गावात, मोबाईलच्या डेटावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ही मोठीच सोय आहे.

'पॅकेज सापडत नाही' असं आलं, तर बहुतेकदा यादी जुनी झालेली असते. आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' चालवावं. 'लॉक मिळत नाही' म्हणजे मागे दुसरं अपडेट चालू आहे. अशा वेळी थांबावं, लॉकची फाईल उडवू नये.

आलेख काढणाऱ्याच पायथनच्या मॅटप्लॉटलिबची गोष्ट थोडी वेगळी. नव्या उबुंटूवर 'पिप' हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन ते थेट बसवायला नकार देतं, कारण सिस्टीमच्याच पायथनमध्ये ढवळाढवळ होते. तिथे ॲप्टमधलं पॅकेज घ्यावं, नाहीतर वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करावं. त्रुटीतच सुचवलेला, ही अडवणूक मोडणारा पर्याय मात्र मी कुणालाही सांगणार नाही.

मदत मागताना नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. उबुंटूची आवृत्ती, दिलेली आज्ञा आणि त्रुटीचा अख्खा मजकूर जसाच्या तसा पाठवा. स्क्रीनचा अर्धवट फोटो नको. लिनक्सची मुळापासून ओळख हवी असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकता येतात.