ई-मेल नक्की कोणाची? नावावर विसंबून व्यवहार करू नका

पूर्वी व्यापारी पत्र हाती आले की दोन गोष्टी पाहिल्या जात. पत्राखालची सही आणि पाकिटावरचा टपालखात्याचा शिक्का. आता दरपत्रक, बिल, बँकेचा खाते क्रमांक, सारे ई-मेलने येते. वर ओळखीचे नाव दिसले की आपण निर्धास्त होतो. येथेच फसगत होते. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येते, “आमचे बँक खाते बदलले आहे, या खेपेची रक्कम नव्या खात्यात भरावी.” रक्कम भरली जाते आणि आठ दिवसांनी खऱ्या पुरवठादाराचा तगाद्याचा फोन येतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी ई-मेलच्या नियमांत ‘पाठविणारा’ कोणाला म्हटले आहे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

लिहिणारा वेगळा, पाठविणारा वेगळा

ई-मेलचे हे नियम अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यासाठी तयार झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी तयार केलेला ‘आरएफसी ८२२’ हा दस्तऐवज त्यांचा पाया होय. २००१ व २००८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. या नियमांनुसार मेलच्या माथ्यावर, म्हणजे हेडरमध्ये, तीन वेगवेगळ्या ओळी असू शकतात.

‘फ्रॉम’ म्हणजे मजकुराचा लेखक, ज्याच्या नावाने पत्र आहे तो. ‘सेंडर’ म्हणजे प्रत्यक्ष मेल रवाना करणारा. ‘रिप्लाय-टू’ म्हणजे उत्तर जेथे यावे असे वाटते तो पत्ता. शेठजींनी मजकूर सांगितला आणि मुनीमजींनी आपल्या खात्यावरून तो पाठविला, तर ‘फ्रॉम’मध्ये शेठजी आणि ‘सेंडर’मध्ये मुनीमजी. दोन भागीदारांनी मिळून पत्र लिहिले तर ‘फ्रॉम’मध्ये दोघांचे पत्ते चालतात, पण मग ‘सेंडर’ची ओळ सक्तीची होते आणि तिच्यात एकच पत्ता असावा लागतो. लेखक व पाठविणारा एकच असेल तर ‘सेंडर’ लिहू नये असा संकेत आहे. म्हणूनच बहुतेक मेलमध्ये ती ओळ आढळत नाही.

पाकिटावरचा पत्ता

याखेरीज चौथी गोष्ट आहे ती पाकिटाची. एक सर्व्हर दुसऱ्याकडे मेल सोपवितो तेव्हा पाठविणाऱ्याचा एक पत्ता स्वतंत्रपणे सांगतो. मेल पोहोचली नाही तर ती याच पत्त्यावर परत जाते. शेवटचा सर्व्हर हा पत्ता ‘रिटर्न-पाथ’ या नावाने मेलवर नोंदवितो. आतल्या कागदावर एक नाव आणि पाकिटावर दुसरे, असे टपालात होऊ शकते, तसेच येथेही होते. शिवाय वाटेतला प्रत्येक सर्व्हर ‘रिसीव्हड’ अशी नोंद सर्वांत वर चढवितो. त्यामुळे हा प्रवास खालून वर वाचायचा असतो. मात्र खालच्या नोंदी ठकसेन स्वतः रचू शकतो. भरवशाची ती आपल्याच मेल सेवेने केलेली नोंद.

न्यूजग्रुपचा अनुभव

१९८० मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांतून सुरू झालेल्या यूजनेट या चर्चाजाळ्यातही हीच अडचण आली. डिसेंबर १९८७ च्या ‘आरएफसी १०३६’ या नियमांत ‘फ्रॉम’बरोबर ‘पाथ’ ही ओळही आवश्यक ठरली. संदेश ज्या ज्या यंत्रातून जाई, ते आपले नाव उद्गारचिन्ह घालून डावीकडे जोडी. ‘फ्रॉम’ची ओळ लिहिणाऱ्याने स्वतः हाताने भरली असेल तर त्याची खरी ओळख ‘सेंडर’मध्ये नोंदविण्याची तरतूदही होती. तरीही खोट्या नावांना पुरता आळा बसला नाही.

पडताळणी उशिरा आली

१९८२ चे जाळे लहान होते, ते प्रामुख्याने संशोधकांचे होते. ‘फ्रॉम’मध्ये लिहिलेले खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. ती पुढे आली. एसपीएफ ही पद्धत पाकिटावरच्या पत्त्याचे डोमेन तपासते. डीकेआयएम मेलवर डोमेनची डिजिटल सही करते. २०१५ ची डीएमएआरसी या दोन्हींची ‘फ्रॉम’मधील डोमेनशी सांगड घालते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठविणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत.

पण यात डोमेन तपासले जाते, माणूस नव्हे. एका अक्षराच्या फरकाने घेतलेले नकली डोमेन या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. पुरवठादाराच्या खात्याचा पासवर्डच चोरीला गेला असेल तर सर्व तपासण्या बरोबरच येतात.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

नाव पाहून थांबू नये, पूर्ण पत्ता अक्षर अक्षर वाचावा. ‘रिप्लाय-टू’ वेगळा असेल तर सावध व्हावे. संगणकावर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ निवडल्यास सर्व ओळी व तपासण्यांचे निकाल दिसतात. ‘रिटर्न-पाथ’ वेगळा असला म्हणजे फसवणूकच, असे मात्र नाही. अनेक कंपन्या दुसऱ्या सेवेमार्फत मेल पाठवितात. आपल्या पेढीचे स्वतःचे डोमेन असेल तर वरील तिन्ही पद्धती त्यावर लावून घ्याव्यात. नाहीतर आपल्या नावाने दुसराच कोणी गिऱ्हाइकांना बिले पाठवील.

आणि खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर एकच नियम पाळावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, तर आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करून ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी, मगच पैसे पाठवावेत. तरीही रक्कम गेलीच, तर वेळ न दवडता बँकेला कळवून १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. दोन मिनिटांचा फोन वर्षभराची कमाई वाचवू शकतो.