रात्री बाराला निघणारा ट्रान्सफॉर्मर

परवा रात्री चेन्नईच्या आउटर रिंग रोडवर अर्धा तास अडकलो. पुढे ओढणारा ट्रक म्हणजे पुलर, मागे चाकांची रांग आणि त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. मागचे हॉर्नवर हॉर्न मारत होते, मी मात्र खिडकीतून एक्सल मोजत होतो! 😄

आपल्याकडे मालवाहू गाडीला रुंदीची मर्यादा साधारण २.६ मीटर. माल त्याबाहेर गेला की तो 'ओडीसी', आणि त्याला वेगळी परवानगी लागते. राष्ट्रीय महामार्गाची केंद्राकडून, राज्याच्या रस्त्याची त्या-त्या राज्याकडून. शिवाय विजेच्या तारा उचलायला वीजवाले, रहदारीला पोलीस.

खरी मेख पुलांची. तिथे एकूण वजनाइतकंच ते किती एक्सलवर वाटलंय हे बघतात. हायड्रॉलिक एक्सलमुळे खड्डा आला तरी भार सगळ्या चाकांवर सारखा राहतो. अतिजड गाडी पुलाच्या मधोमध, ताशी पाच किलोमीटरच्या आत न्यायची आणि तेवढा वेळ पुलावर दुसरं वाहन नको. म्हणून तर तुम्हाला थांबवतात.

आपल्या नाशिकहून २०१९च्या जुलैत निघालेलं ऑटोक्लेव्ह, म्हणजे अवाढव्य दाबभट्टी, आठवतंय? ७० टन, ७४ चाकांचा ट्रेलर. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोचायला जुलै २०२० उजाडलं. वाटेत झाडं छाटली, तारा काढल्या, वर लॉकडाउन. वजनापेक्षा साडेसात मीटर उंचीनेच जास्त छळलं असणार, असं माझं मत.

स्टिअरिंग, एक्सल, परवाने, काहीही विचारा. फोटो असतील तर टाकाच!