फौजदारी बोर्डावरचा एक दिवस

सकाळी ६.१०
गॅसवर चहा, टेबलावर तीन फायली. तालुक्याच्या कोर्टात फौजदारी करणाऱ्या या वकीलबाईंचा दिवस कागद वाचण्यानं सुरू होतो. एक फाईल जुगाराची, एक गावठी दारूची, एक बांधावरच्या मारामारीची. मारामारीतला आरोपी काल रात्री साडेनऊला अटक झालाय.

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. आधीच्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, म्हणून पिशवीत दोन्ही पुस्तकं. राज्याचे कायदे मात्र जागेवर आहेत: जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, दारूबंदी १९४९ ची, पोलीस अधिनियम १९५१ चा.

६.४५
दारूच्या फायलीतला पंचनामा. पाच लिटरचा प्लॅस्टिक कॅन, उग्र वास. १८० मिलीच्या बाटलीत नमुना घेतला, उरलेली दारू जागेवर ओतून दिली. बाटलीवर पंचांच्या सह्यांचं लेबल लावल्याचं लिहिलंय. सील केल्याचं लिहिलेलं नाही. बाई समासात पेन्सिलनं रेघ मारतात आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात.

१०.२०
कोर्टाच्या फाटकाबाहेर झेरॉक्स, पानाला दोन रुपये. चौदा पानं, अठ्ठावीस रुपये. वकीलपत्रावर तिकिटं चिकटवायची, आरोपीच्या नातेवाइकांकडून आधारची प्रत घ्यायची. दारूच्या केसमधल्या मावशी झाडाखाली बसल्यात. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, तरी जाऊन-येऊन सत्तर रुपये. खुरपणीचा तीनशेचा रोज बुडाला तो वेगळाच.
"मॅडम, आज सुटंल का?"
"आज साक्ष आहे मावशी. तुम्ही फक्त हजर राहा. नाव पुकारलं की पुढं या."

११.४०
जुगाराची केस. कलम १२ (अ). टपरीच्या मागं आकडे लिहून घेताना पकडला, असा आरोप. मुद्देमाल: चिठ्ठ्या, एक पेन, रोख ६४० रुपये. हे कलम रस्ता किंवा सार्वजनिक जागेपुरतं आहे. पंचनाम्यात जागा लिहिलीय ती आरोपीच्या पडवीची, पत्र्याच्या आडोशाची. इथं बचाव आहे, आणि तो चांगला आहे.

बाई त्याला व्हरांड्यात घेतात.
"भाऊ, ही केस लढता येते. जागा तुझी खासगी आहे."
"किती तारखा लागतील?"
"आठ. दहाही लागतील."

तो बिगारी काम करतो, रोज पाचशे. दहा तारखा म्हणजे पाच हजार, वर एसटी. कबूल केलं तर दोन-तीनशे दंड आणि दुपारी परत कामावर. बाई दुसरी बाजूही सांगतात. कबुली म्हणजे शिक्षा, आणि शिक्षेची नोंद राहते. पुढं कधी काही झालं तर पोलीस तीच नोंद काढतील, पुढच्या वेळी कोर्टही ती बघेल. तो ऐकतो. खिशातून घडी केलेल्या नोटा काढून मोजतो.

"गुन्हा कबूल आहे का?" न्यायाधीश विचारतात. "हो साहेब." तीनशे रुपये दंड. सगळं मिळून चार मिनिटं. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि त्या माणसाचा हिशोब बरोबर वाटतो. बाई फाईल बांधतात. बोर्डावरची पुढची केस त्यांची नाही, तरी त्या बसून ऐकतात.

१.३०
बाररूम. डबा: भाकरी, मेथी, ठेचा. निम्मा खाऊन होतो तोवर कारकून सांगतो, रिमांड चारनंतर.

२.५०
दारूची केस. पहिला पंच पिंजऱ्यात. पोलिसांनी माझ्यासमोर काही जप्त केलं नाही, सह्या पोलीस ठाण्यात घेतल्या, असं तो सांगतो. सरकारी वकील त्याला फितूर ठरवून उलट विचारतात. तो हलत नाही.

मग हवालदार. बाईंचे प्रश्न छोटे. नमुना कुठं ठेवला? ठाण्यात. मुद्देमाल रजिस्टरला नोंद आहे? असेल. इथं दाखल केलीय? नाही. रासायनिक विश्लेषकाकडं किती दिवसांनी पाठवला? एकोणीस. बाटलीला लाखेचं सील केल्याचं पंचनाम्यात आहे? हवालदार कागद बघतात. नाही.

बाई बसतात. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणतो की बाटलीत अल्कोहोल होतं. त्यावर त्यांचं भांडण नाहीच. तपासलेली बाटली कॅनमधूनच भरलेली होती का, एवढाच प्रश्न, आणि ते सिद्ध करायचं काम सरकारचं. मावशींना यातलं किती कळलं ते मला कळलं नाही. त्यांनी पुढची तारीख पदराच्या गाठीत बांधली.

४.१५
रिमांड. अटक पंचनाम्यातली वेळ बाई आधी बघतात. चोवीस तासांच्या आत हजर केलंय, ठीक. कलम ११८ (१), काठीनं दुखापत. पोलिसांना दोन दिवस कोठडी हवी, काठी जप्त करायला. बाई जप्ती पंचनामा पुढं करतात. काठी कालच जप्त झालीय.

"पोलिसांविरुद्ध तक्रार?" न्यायाधीश आरोपीला विचारतात.
"नाही साहेब."
"हाताला काय झालं?"
"चुलतभावानं फावडं मारलं. मी आडवा हात धरला."

बाई लगेच उभ्या राहतात. ही जखम रोजनाम्यात यावी आणि ग्रामीण रुग्णालयात तपासणी व्हावी, एवढीच विनंती. न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वतःच्या शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क देतात. गरजेपेक्षा जास्त मारलं, पळणाऱ्याला मारलं, तर तो हक्क सुटतो. आज त्यावर युक्तिवाद करून काही मिळणार नाही. पण सुनावणीला वर्ष-दोन वर्षं लागतील, तोवर सूज उतरलेली असेल. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षानं केला नाही तर सरकार पक्षाचीच गोष्ट डळमळते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच लक्ष्मी सिंग खटल्यात सांगितलंय. त्यासाठी डॉक्टरांचा कागद आजच्या तारखेचा हवा. दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटलं, आणि ते दोन वाक्यांत झालं.

पोलीस कोठडी नाही. न्यायालयीन कोठडी. बाई जामीन अर्ज लगेच देतात.

५.२०
सरकारी वकिलांचा से, म्हणजे अर्जावरचं म्हणणं, आला. पंधरा हजारांचा जामीन, एक जामीनदार. आरोपीचा भाऊ सातबारा घेऊन आलाय, पण तो मागच्या वर्षीचा. कारकून मान हलवतो. आजची रात्र कोठडीतच.

५.४५
भाऊ हजार रुपये देतो, बाकीचे कापूस विकल्यावर. बाई नोटा न मोजता पर्समध्ये टाकतात आणि डायरीत रक्कम लिहितात.

"उद्या साडेदहाला ये. सातबारा ताजा काढ, ऐपतदाखला मिळाला तर तोही. जामीनदाराचं मूळ आधार विसरू नको, नुसती झेरॉक्स चालणार नाही."
"आणि दवाखान्याचा कागद, मॅडम?"
"तो मी बघते."