साइट पांढरी पडली? फाइल मॅनेजरमधून प्लगइन बंद-चालू कसं करायचं



सणाच्या ऑर्डर सुरू आहेत. तुम्ही एक नवीन प्लगइन चालू करता आणि वर्डप्रेसची साइट पांढरी पडते. डॅशबोर्डही उघडत नाही. अशा वेळी घाबरून काही डिलीट करू नका.

आधी ईमेल बघा. २०१९ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.२ पासून अशा बिघाडात अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक येते. तिथून प्लगइन बंद करता येतं. मेल आलाच नाही, तर होस्टिंगचा फाइल मॅनेजर कामाला येतो.

१. सीपॅनलमध्ये लॉगिन करून फाइल मॅनेजर उघडा.
२. पब्लिक एचटीएमएल, मग डब्ल्यूपी-कंटेंट, मग प्लगइन्स या फोल्डरमध्ये जा.
३. ज्या प्लगइनवर शंका आहे, त्याच्या फोल्डरवर राइट क्लिक करून रीनेम निवडा. नावाच्या शेवटी एक अक्षर वाढवा.
४. साइट पुन्हा उघडून बघा.

हे चालतं कसं? वर्डप्रेस प्लगइनला त्याच्या फोल्डरच्या नावाने शोधतं. त्या नावाचा फोल्डर सापडला नाही, की ते प्लगइन सोडून पुढे जातं. सेटिंग आणि ऑर्डर डेटाबेसमध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही. डिलीटचं मात्र तसं नाही. डॅशबोर्डमधून डिलीट केलं, तर काही प्लगइन स्वतःचा डेटाही पुसून टाकतात.

आता महत्त्वाचं. साइट सुरू झाली म्हणून लगेच फोल्डरचं जुनं नाव परत देऊ नका, नाहीतर तोच बिघाड पुन्हा येईल. आधी डॅशबोर्डमधलं प्लगइन्सचं पान एकदा उघडा. फाइल सापडत नाही म्हणून वर्डप्रेस ते प्लगइन बंद झाल्याची नोंद करतं. त्यानंतरच जुनं नाव द्या आणि अपडेट आलं असेल तर ते करून प्लगइन पुन्हा चालू करा.

दोषी कोण तेच कळत नसेल, तर अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला, प्लगइन्सचं पान उघडा, नाव पूर्ववत करा. मग एकेक प्लगइन चालू करून दर वेळी साइट तपासा. यात वूकॉमर्सही बंद होतं, म्हणजे तेवढा वेळ दुकानाचं शटर खाली! म्हणून हे काम गर्दीच्या वेळी नको.

आणि एक सवय लावून घ्या: नवीन प्लगइन चालू करण्याआधी बॅकअप घ्यायचाच. होस्टिंगचा पासवर्डही स्वतःकडे ठेवा. दुकान तुमचं आहे, किल्लीही तुमच्याच खिशात हवी.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!