पातेलं घासता घासता

पेद्रो बाक-इ-रिता हे न्यूयॉर्कमधले प्राध्यापक. वयाच्या 65व्या वर्षी पक्षाघाताने अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. सुरुवातीच्या उपचारांनी फारसा फरक पडेना. तेव्हा डॉक्टरकी शिकणारा मुलगा जॉर्ज त्यांना मेक्सिकोतल्या घरी घेऊन गेला.

चालता येत नव्हतं, म्हणून जॉर्जने वडिलांना आधी भिंतीच्या आधाराने रांगायला लावलं. शेजाऱ्यांना ते रुचलं नाही. मग गोट्यांचे खेळ, मग भांडी घासणं: धडधाकट हाताने पातेलं धरायचं, दुबळ्या हाताने 15 मिनिटं एका दिशेने घासायचं, 15 मिनिटं उलट. पुढे पेद्रो पुन्हा वर्गात शिकवू लागले! 72व्या वर्षी डोंगर चढताना ते हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात मेंदूची जुनी इजा बरीचशी तशीच दिसली. उरलेल्या भागाने कामं अंगावर घेतली होती.

एकेक काम जमत गेलं, तसा पेद्रोंचा भरवसाही वाढला असणार. ‘मला जमेल’ हा भरवसा सर्वांत पक्का होतो तो प्रत्यक्ष जमलेल्या कामातून, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977मध्ये मांडलं. नुसत्या ‘धीर धरा’ने फारसं साधत नाही.

अर्थात, भरवशाने मेंदूतली गुठळी विरघळत नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108ला फोन करा. आणि रुग्ण घरी आल्यावर फिजिओथेरपिस्टला विचारून त्याची जमणारी कामं त्यालाच करू द्या.