प्राथमिक स्तरावरील कृतियुक्त कलापाठ व पूरक उपक्रम : स्वरूप आणि उपयोजन

प्रस्तावना :

प्राथमिक शाळेतील चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले असता बहुतेक वह्यांमध्ये एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरातून वाहत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. कोकणातील मुलाच्या वहीत हे चित्र जसे असते, तसेच ते विदर्भातील सपाट प्रदेशात राहणाऱ्या व नारळाचे झाड दारी कधी न पाहिलेल्या मुलाच्या वहीतही असते. या चित्रातील कोणतीही वस्तू मुलाने पाहून काढलेली नसते. ती फळ्यावरून किंवा मोठ्या भावंडाच्या वहीतून उतरलेली असते. मुलाचा हात चालतो, पण डोळा चालत नाही.

या अनुकरणाचे दुष्परिणाम पुढे दिसतात. इयत्ता चौथी-पाचवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी ‘मला चित्र येत नाही’ असे सहजपणे सांगू लागतो आणि बहुधा आयुष्यभर त्याच समजुतीत राहतो. ही समजूत शाळेतच घडते. म्हणूनच ती शाळेतच टाळता येणे शक्य आहे. प्राथमिक स्तरावर कृतियुक्त कलापाठाची रचना कशी असावी, त्याला जोडून कोणते पूरक उपक्रम घ्यावेत आणि या दोहोंचे मूल्यमापन कसे करावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका :

हाताने काम करीत शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्राम येथे कलाशिक्षक म्हणून आले व त्यांनी मुलांच्या चित्रांकडे शिक्षणाचे माध्यम म्हणून पाहिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी केलेल्या कार्यात शंख-शिंपले, खडे, पाने, बिया अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. महागड्या साहित्यावाचून बालशिक्षण अडत नाही, हे या कार्याने दाखवून दिले.

धोरणाच्या पातळीवरही कलेला मान्यता आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे अशी शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेचा अन्य विषयांशी समन्वय साधण्यावर भर आहे. परंतु बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथे. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. त्यामुळे प्राथमिक वर्गात कला शिकविण्याची जबाबदारी सामान्यतः वर्गशिक्षकावरच येते. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने या वर्गशिक्षकास समोर ठेवून केले आहे. त्याला स्वतःला उत्तम चित्र काढता येणे ही येथे पूर्वअट नाही.

संकल्पना :

कृतियुक्त कलापाठ म्हणजे ज्यात विद्यार्थी प्रत्यक्ष वस्तू हाताळतो, साहित्याचा गुणधर्म स्वतः अनुभवतो आणि काय करावयाचे याविषयी किमान एक निर्णय स्वतः घेतो, असा पाठ होय. तिसरा घटक विशेष महत्त्वाचा आहे. शिक्षकाने कापून दिलेल्या आकारात रंग भरणे हीदेखील हाताची क्रियाच आहे; पण त्यात निर्णय नाही, म्हणून तो या अर्थाने कृतियुक्त पाठ ठरत नाही.

पूरक उपक्रम म्हणजे कलापाठात निर्माण झालेल्या वस्तूपासून निघून भाषा, गणित, परिसर अभ्यास यांकडे जाणारी पुढील कृती. ‘झाडाचे चित्र काढा व झाडावर पाच ओळी लिहा’ हा सर्रास दिला जाणारा उपक्रम या व्याख्येत बसत नाही, कारण चित्र न काढताही त्या पाच ओळी लिहिता येतात. जो उपक्रम ती वस्तू घडविल्याशिवाय करताच येत नाही, तो खरा पूरक उपक्रम. ही कसोटी लावली असता कला अन्य विषयांची केवळ सजावट होत नाही.

बालचित्रांच्या अवस्था :

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाच्या अवस्था वर्णिल्या आहेत. सुमारे सात ते नऊ या वयातील मूल प्रत्येक वस्तूसाठी स्वतःचे एक ठरावीक चिन्ह निर्माण करते, वस्तू एका आधाररेषेवर उभ्या करते आणि जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते. घराच्या भिंतीतून आतली माणसे दाखविणारे चित्र ही या वयातील चूक नसून विचार करण्याची रीत आहे. नऊ ते बारा या वयात मूल आपल्या चित्राची प्रत्यक्षाशी तुलना करू लागते व स्वतःवर टीका करू लागते. ‘मला चित्र येत नाही’ हे उद्गार याच काळात ऐकू येतात. या वळणावर ज्या मुलाजवळ निरीक्षणाची सवय आणि साहित्याची ओळख असते ते पुढे जाते. ज्याच्याजवळ केवळ पाठ केलेले डोंगर असतात ते थांबते.

पुढील तीन पाठ या अवस्थांच्या क्रमाने मांडले आहेत.

कृतिपाठ १ : पानांचे ठसे (इयत्ता पहिली व दुसरी)

साहित्य : परिसरात गळून पडलेली परंतु न वाळलेली पाने, पातळ कागद, मेणाचे खडू.

विद्यार्थ्यांनी पाने स्वतः गोळा करावीत. पान पालथे, म्हणजे शिरांची उठावदार बाजू वर येईल असे ठेवावे. त्यावर कागद ठेवून खडू आडवा धरून हलक्या हाताने घासावा. हळूहळू शिरांचे जाळे कागदावर उमटते. ते उमटताना मुलांना होणारा आनंद हा या पाठाचा गाभा असल्याने शिक्षकाने आधी तयार नमुना दाखवू नये. कोणती पाने घ्यावीत, ती कागदावर कशी मांडावीत आणि कोणत्या रंगात घ्यावीत, हे निर्णय मुलांचे असावेत.

पूरक उपक्रम : आंबा, पिंपळ, जास्वंद यांच्या ठशांत शिरांचे जाळे दिसते, तर बांबू व गवताच्या ठशांत समांतर रेषा दिसतात. ठशांचे दोन गट मुलांनाच करू द्यावेत. जाळीदार व समांतर शिराविन्यास ही नावे नंतर सांगावीत. ठसा मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही बाजू जुळतात का हे पाहिल्यास सममितीची पूर्वतयारी होते. शेवटी ठसे एकत्र करून ‘हे कोणाचे पान?’ हा ओळखण्याचा खेळ घ्यावा.

कृतिपाठ २ : मातीकाम (इयत्ता तिसरी)

बेंदूर-पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीतील किल्ले या परंपरांमुळे महाराष्ट्रातील मुलांचे हात मातीला अपरिचित नसतात. शाळेने ही ओळख वर्गात आणणे एवढेच बाकी असते.

साहित्य : कुंभाराकडील मळलेली माती किंवा शाडू, पाण्याचे भांडे, काडी, बसण्यासाठी रिकामी पोती.

प्रथम माती नुसती दाबावी, लाटावी, चिमटावी. नंतर प्रत्येकाने आपल्या ओळखीचा एक प्राणी घडवावा. मातीचे शरीर आणि पाय नुसते चिकटविले तर वाळताना ते सुटतात. दोन्ही पृष्ठभाग काडीने खरवडून, मध्ये पातळ कालविलेली माती लावून दाबल्यास सांधा टिकतो. ही गोष्ट शिक्षकाने प्रारंभीच न सांगता, काहींचे पाय सुटल्यानंतर त्या कारणाचा शोध वर्गाने मिळून घ्यावा. बारीक पायांवर जड शरीर उभे राहत नाही, हेही मुले आपोआप शिकतात आणि बसलेला बैल किंवा जाड पायांचा हत्ती घडवू लागतात. साहित्यच येथे शिक्षकाचे काम करते. तयार वस्तू सावलीत सावकाश वाळवाव्यात. कडक उन्हात त्यांना तडे जातात.

पूरक उपक्रम : ओल्या मातीची दहा सेंटिमीटर लांबीची पट्टी प्रत्येक गटाने करून ठेवावी आणि ती रोज मोजून तक्त्यात नोंदवावी. पट्टी आखूड होते, हे पाहून ‘लांबी कोठे गेली?’ हा प्रश्न मुलेच विचारतात. वाळलेल्या मातीचा तुकडा व फुटक्या पणतीचा तुकडा पाण्यात टाकल्यास पहिला विरघळतो, दुसरा तसाच राहतो. यातून भाजण्याच्या क्रियेने होणारा कायमचा बदल समजतो. जवळपास कुंभारवाडा असल्यास भट्टी पाहावी आणि मुलाखतीसाठी प्रश्न मुलांनी आधी लिहून न्यावेत. स्वतः माती हाताळलेल्या मुलांचे प्रश्न अधिक नेमके असतात.

कृतिपाठ ३ : वारली शैलीतून आपला दिवस (इयत्ता चौथी व पाचवी)

वारली चित्रे आज पिशव्यांपासून हॉटेलांच्या भिंतींपर्यंत सर्वत्र दिसतात आणि शाळेतील ‘वारली चित्र काढा’ हा पाठही बहुधा त्यांची नक्कल ठरतो. म्हणजेच दोन डोंगर व सूर्य यांची जागा तारपा नृत्य घेते, पण पाठाचे स्वरूप बदलत नाही.

वारली समाजात विवाहप्रसंगी झोपडीच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटला जातो. हे काम सवासिनी करतात, धवलेरी गीते गाते आणि चौकात पालघट देवीची स्थापना होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी तिला जगभर पोहोचविले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. हा इतिहास मुलांना गोष्टीरूपाने सांगावा. लग्नचौक हा श्रद्धेचा विषय असल्याने तो सरावासाठी देऊ नये, एवढे भान शिक्षकाने राखावे. पालघर जिल्ह्यातील शाळांना तर गावातीलच जाणत्या स्त्रीला योग्य मानधन देऊन वर्गात बोलावता येईल. आपल्या आजीची विद्या शाळेत मान मिळविते, हे पाहणाऱ्या वारली मुलासाठी त्या तासाचे मोल वेगळे असते.

साहित्य : गेरूने रंगविलेला जाड कागद किंवा पुठ्ठा, भिजवून वाटलेले तांदूळ, थोडा डिंक, टोक ठेचलेली बांबूची काडी.

या शैलीतील मानवी आकृती टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची असते. वरचा त्रिकोण थोडा कलला की माणूस वाकतो, धावतो, ओझे उचलतो. फळ्यावर आकृती काढून देण्याऐवजी एका विद्यार्थ्याला पाणी शेंदण्याच्या, झाडू मारण्याच्या, चेंडू फेकण्याच्या स्थितीत उभे करावे आणि इतरांनी ‘वरचा त्रिकोण कोणत्या बाजूला कलला?’ याचे निरीक्षण करून रेखाटावे. या सरावानंतर प्रत्येकाने आपल्या दिवसातील एक प्रसंग निवडावा : नळावरील रांग, एस.टी.ची वाट पाहणे, मधली सुट्टी, ऊसतोडणीला निघालेले कुटुंब. शैली वारलींकडून शिकलेली, हे कृतज्ञतेने सांगावे. विषय मात्र मुलाचा स्वतःचा असावा. नऊ-दहा वर्षांच्या, आपल्या चित्राविषयी साशंक झालेल्या मुलाला ही शैली विशेष उपकारक ठरते. हुबेहूब चेहरा काढण्याचे ओझे तिच्यात नाही आणि निरीक्षणाला मात्र पूर्ण वाव आहे.

पूरक उपक्रम : चित्रातील प्रसंग मुलाने वर्गाला सांगावा व नंतर लिहून काढावा. दोन त्रिकोणांमधील कोन बदलला की हालचाल कशी बदलते, हे पुठ्ठ्याचे त्रिकोण टाचणीने जोडून पाहावे. कोनाची संकल्पना येथे हातात येते. सर्व चित्रे सकाळ ते रात्र या क्रमाने भिंतीवर लावल्यास वर्गाचा सामूहिक दिवस उभा राहतो आणि कोणाचा दिवस कोठे सुरू होतो, हे शिक्षकालाही कळते.

नियोजन :

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत मांडणी, कृती व आवराआवर बसत नाही. म्हणून आठवड्यातील कला व कार्यानुभवाच्या दोन तासिका लागोपाठ घ्याव्यात. मोठ्या वर्गात पाच-सहा जणांचे गट करून साहित्यवाटप व स्वच्छतेची जबाबदारी गटप्रमुखाकडे द्यावी. चाचणी जवळ आली की कलेची तासिका गणिताला देण्याची प्रथा मोडणे अवघड आहे. तथापि मातीच्या पट्टीची मोजणी हे गणितच आहे, असे शिक्षकाला दाखविता आले तर तासिका टिकविण्यास तेवढाच आधार मिळतो.

मूल्यमापन :

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी अपेक्षित आहेत. परंतु ‘चित्र छान काढतो’, ‘रंगकामात आवड आहे’ अशा नोंदींतून काहीच समजत नाही. ‘बैलाचा पाय तीनदा सुटला, चौथ्यांदा सांधा खरवडून जोडला’ किंवा ‘वाकलेली आकृती काढण्यासाठी मित्राला पुन्हा उभे केले’ अशी नोंद मुलाच्या शिकण्याचा पुरावा ठरते. मूल्यमापन तयार वस्तूच्या देखणेपणाचे नसून निर्णय, प्रयत्न व निरीक्षण यांचे असावे. चित्रांची स्पर्धा लावून पहिले तीन क्रमांक काढल्यास उरलेल्या मुलांना ‘मला येत नाही’ हेच शिकविले जाते. त्याऐवजी प्रत्येकाचे काम प्रदर्शित करावे.

समारोप :

कृतियुक्त कलापाठासाठी गळलेली पाने, माती, मूठभर तांदूळ एवढे साहित्य पुरेसे आहे. खरी आवश्यकता आहे ती शिक्षकाने फळ्यावर चित्र काढून देण्याचा मोह आवरण्याची आणि मुलाच्या हातून घडलेल्या वस्तूपासूनच पुढील उपक्रम सुरू करण्याची. सर्व मुले चित्रकार व्हावीत हा या पाठांचा हेतू नाही. आपल्या दारातले झाड प्रत्यक्ष पाहून त्याच्याविषयी आपल्या हाताने काही सांगता येते, हा विश्वास घेऊन मूल प्राथमिक शाळेतून बाहेर पडावे, एवढीच अपेक्षा आहे. ज्या वर्गातील साठ वह्यांमध्ये साठ वेगळी झाडे दिसतील, तेथे ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.