शंभर किलोमीटर कागद

रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाच्या देवळात, भिंतीवर एक शिलालेख आहे. पाचव्या शतकातला. 1980च्या दशकात गिलावा निघाला तेव्हा तो उजेडात आला, म्हणूनच वा. वि. मिराशींच्या 1963च्या वाकाटक लेखसंग्रहात तो सापडायचा नाही. अक्षरं बरीच झिजलेली, काही तर गेलेलीच. हान्स बाकर आणि हरुनागा इसाकसन यांनी 1993मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. त्यांच्या मते हे देऊळ वाकाटकांची राणी, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता, हिच्या स्मरणार्थ तिच्याच लेकीने उभारलं. आईच्या नावाची पाटीच म्हणा ना, दीड हजार वर्षांची!

भिंत काही घरी नेता येत नाही, म्हणून ठसा घेतात. दगड धुवायचा, ओला कागद बसवायचा आणि ब्रशने ठोकत राहायचं. कागद खाचेत उतरला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने आपटायची. सपाट दगड काळा उमटतो, अक्षरं पांढरी राहतात. जोर जास्त झाला की कागद फाटतो. शाई जास्त झाली की अक्षर बुजतं. इंग्लंडातल्या चर्चमध्ये मध्ययुगीन पितळी स्मृतिपटांवर कोरडा कागद टाकून चांभाराचं काळं मेण घासतात. त्यांचं काम सोपं.

ठशाची खरी गंमत मापात. फोटो लहान होतो, नकाशा लहान होतो, ठसा दगडाएवढाच. केंद्राच्या 2023-24च्या अर्थसंकल्पात ‘भारत श्री’ हा शिलालेखांचा डिजिटल संग्रह जाहीर झाला: पहिल्या टप्प्यात 1 लाख प्राचीन लेखांचं डिजिटलीकरण. त्या सगळ्यांचे ठसे घ्यायचे ठरवलं तर? लेखामागे सरासरी एक मीटर कागद धरा. 100 किलोमीटर झाले! रामटेकहून नागपूरला जाऊन साधारण परत येता येईल एवढी पट्टी. एका माणसाने ठशाला एक तास, दिवसाला आठ तास आणि वर्षाला 300 दिवस लावले, तर लागतील 41 वर्षं 8 महिने. त्याआधी पेन्शन लागेल! आणि एक तास हा माझा उदार हिशोब. झिजलेली भिंत अख्खा दिवस खाते.

गडावर गेलात तर अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा ऑइलपेंट भरू नका. रंगाने बुजलेल्या खाचेत कागद उतरत नाही.